तीन बोड्यांचा फेरा

इंदोरा, नागपूर
बुधवार, २४ जानेवारी १९७९

इंदूस,

सोमवारी येशील म्हणून मी दोघांचा भात टाकला. मंगळवारी दीड माणसाचा टाकला. आज एकट्याचाच टाकला आणि तोही खाली लागला. तू अर्जुनीला बहिणीकडे, पंचफुलेकडे, सुखरूप पोचल्याचं कळलं आहे, तेव्हा तब्येतीच्या चौकशीत कागद घालवत नाही. परत कधी येतेस, एवढं कळव.

रविवारी जे झालं त्यात माझी चूक नाही, हे आधीच लिहून ठेवतो. गिरणीतल्या निवृत्त मंडळींची सहल, बायकापोरं धरून त्रेचाळीस माणसं. गाडी मी ठरवली. डबे कुठं सोडायचे ते मी ठरवलं. नवेगावच्या नॅशनल पार्कात पोचल्यावर सगळे माकडांसारखे इकडेतिकडे पांगले असते, पण मी शिट्टी वाजवून सगळ्यांना फाटकावर उभं केलं आणि तिथून तळ्यांच्या फेऱ्याला सोडलं. तीन तळी, तुमच्याकडच्या भाषेत तीन बोड्या, आणि तिन्हींना वळसा घालून पुन्हा त्याच फाटकावर येणारी पायवाट. ना चढ, ना उतार. वनखात्यानं पाटीवर 'अडीच तास' लिहिलंय. मी तो फेरा एक तास पस्तीस मिनिटांत पुरा केला.

अशा वाटेवर माणूस मागं राहतो कसा, हे मला कोणी समजावून सांगावं. फाटा नाही, चकवा नाही, पाणी उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की आंधळाही फाटकावर येतो. तू मात्र आली नाहीस. गाडी सुटली. साकोलीला चहाला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण ड्रायव्हर गाडी फिरवायला तयार होईना. नागपूरला आल्याबरोबर समोरच्या बाबारावनं ओळखीच्या डॉक्टरांच्या फोनवरून नवेगावच्या विश्रामगृहावर ट्रंक कॉल लावला. चौकीदार म्हणाला, "घाबरू नका साहेब. बाई तं हासत हासत अर्जुनीच्या गाडीत बसल्या."

हसत? इंदू, तीन दिवस मी या एका शब्दाभोवती फिरतो आहे. नवरा जंगलात सोडून जातो आणि बाई हसत गाडीत बसते, हे कोणत्या हिशेबात बसतं? की तू आधीच ठरवून आली होतीस? मग मला का नाही सांगितलंस? अर्जुनीला जायचं म्हटलं असतंस तर मी कधी अडवलं आहे? (एकदा अडवलं होतं. तेव्हा आपल्या सुमतीची परीक्षा होती.)

उलटटपाली लिही. जिरं कोणत्या डब्यात आहे तेही लिही.

आ. गो. रामटेके
(निवृत्त टाइमकीपर)

ता. क. सही करताना हात सवयीनं सगळं लिहून गेला. खोडत नाही, कागद खराब दिसतो.


इंदोरा, नागपूर
बुधवार, ३१ जानेवारी

इंदूस,

तुझं पत्र आलं नाही. पंचफुलेचं कार्ड आलं. "ताई बरी आहे. तुमचं पत्र दोनदा वाचलं. काही बोलत नाही. रोज सकाळी उठून एकटी गावच्या बोडीवर फिरायला जाते. जिरं चहापत्तीच्या मागच्या डब्यात." म्हणजे जिऱ्याचं उत्तर तू दिलंस आणि बाकीच्यांचं नाही. त्या डब्यात जिरंच निघालं. त्याबद्दल आभार.

एकटी फिरायला जातेस? इथं तर तू दळणाच्या गिरणीपर्यंतसुद्धा एकटी जात नव्हतीस. जात होतीस का? आता मला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी बरोबर लिहिली नाही. साकोलीला माझ्या लक्षात आलं नव्हतं. साकोलीला मी चहा प्यालो, दोन कप, आणि ड्रायव्हरशी गाडीच्या ॲव्हरेजवर बोललो. भंडाऱ्यालाही लक्षात आलं नाही. इंदोऱ्याच्या चौकात सगळे उतरले, जयभीम झाले, सहल झकास झाली म्हणून चारचौघांनी माझी पाठ थोपटली. मी पिशवी घेऊन गल्लीत शिरलो. दारासमोर उभा राहिलो आणि मागं न बघता हात मागं केला.

म्हणालो, "किल्ली दे."

किल्ली तुझ्या कमरेला. तीस वर्षं ती तिथंच आहे. हात तसाच धरून मी पुन्हा म्हणालो, "अवं, किल्ली दे ना. काय करून राहिली?" तेव्हा समोरच्या ओट्यावरून बाबारावची कांताबाई म्हणाली, "भाऊजी, कोनाशी बोलून राहिले?" मी मागं वळलो. गल्लीत कोणी नव्हतं.

तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी तीनला सुटली होती. म्हणजे चार तास दहा मिनिटं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. कांताबाईनं मात्र गल्लीभर सांगितलं आहे, तेव्हा माझ्या न सांगण्याला काही अर्थ उरलेला नाही. बाबाराव हातोडी घेऊन आला आणि आम्ही कुलूप फोडलं.

कांताबाईला मी विचारलं, की तुम्ही बायका मागच्या बाकांवर होतात, तुमच्यापैकी एकीलाही कशी आठवण झाली नाही? तर ती काय म्हणाली ऐक. "आमाले वाटलं, वैनी पुढं तुमच्यापाशी बसल्या. सकाळपासून गुडघा दुखून राहिला म्हनत होत्या ना."

पुरुष पुढं, बायका मागं, ही बसायची व्यवस्था माझीच. मग तू माझ्यापाशी बसलीस असं तिला का वाटावं? आपण दोघं शेजारी शेजारी बसून कुठं गेल्याचं मला आठवत नाही. आठवण्याचा प्रयत्न केला. गिरणीच्या दवाखान्यात एकदा बाकावर बसलो होतो, पण मध्ये औषधाच्या बाटल्यांची पिशवी होती. तरीही कांताबाईला तसं वाटलं. मला त्याचं बरंही वाटलं आणि लाजही वाटली, आणि या दोन्ही गोष्टी एकदम कशा वाटू शकतात ते समजलं नाही.

गुडघा दुखत होता तर मला का नाही सांगितलंस? की सांगितलं होतंस?

आनंदराव रामटेके


इंदोरा, नागपूर
गुरुवार, ८ फेब्रुवारी

इंदूस,

यादी समोर ठेवून लिहितो आहे. सहलीची यादी. ही फाडून टाकावी असं दोनदा मनात आलं, पण अठ्ठावीस वर्षं हजेरीपुस्तकं सांभाळलेला माणूस कागद फाडत नाही.

पद्धत अशी होती. घरच्या कर्त्या माणसाचं नाव आणि त्याच्यापुढं माणसांचा आकडा. परत निघताना मी गाडीच्या दारात उभा राहून नाव पुकारायचं, त्यानं आपली माणसं मोजून आकडा सांगायचा, मी खूण करायची. बाबाराव, चार. वसंत, पाच. असं करत बेरीज त्रेचाळीस आली की गाडी सोडायची. सुटसुटीत पद्धत आहे, गिरणीच्या फाटकावर हजार-दीड हजार माणसं मी अशीच आत घेतली. बेरीज बरोबर त्रेचाळीस आली. ठरल्यापेक्षा चार मिनिटं आधी गाडी सुटली म्हणून मला आनंदसुद्धा झाला.

यादीत सगळ्यात वर माझं नाव आहे. 'आ. गो. रामटेके – २.' त्याच्यापुढं खूण सगळ्यात आधी केली. कोणाला पुकारण्याआधीच, दाराच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता. आपलं तर आपल्याला ठाऊकच असतं, असा माझा समज.

मी मोजलं नाही, इंदू. माझ्या आकड्यात मी तुला न बघता हजर लावलं. कामाच्या दिवसांत मी सख्ख्या मामेभावाला अर्ध्या तासासाठी गैरहजर लावलं होतं, तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा माझ्याच पायाशी निघाला.  

परवा झोप लागेना तेव्हा छप्पन सालचा ऑक्टोबर आठवला. तुला पांढरं लुगडं मिळता मिळेना, मग तू शेजारणीकडून आणलंस. सुमती चार वर्षांची, माझ्या खांद्यावर. दीक्षाभूमीकडे माणसांचा असा लोंढा, की आपण तिघं त्यात कुठं वाहून जाऊ याचा भरवसा नव्हता. तेव्हा मी तुझ्या पदराचं टोक घेतलं आणि माझ्या सदऱ्याला गाठ मारली. मागून कोणीतरी ओरडलं, "लगीन लावून राहिला का गा इथंच?" तू लाजून मान खाली घातलीस. दिवसभर मी दर दहा पावलांनी मागं वळून ती गाठ बघत होतो.

त्या लाखोंच्या गर्दीत तू हरवली नाहीस आणि त्रेचाळीस माणसांत हरवलीस. मधल्या कोणत्या दिवशी मी मागं बघायचं सोडलं? तारीख लावायचा प्रयत्न करतो आहे. नोकरीत बढती मिळाली तेव्हा? सुमतीचं लग्न झालं तेव्हा? मला सगळ्या गोष्टींच्या तारखा आठवतात, याचीच तेवढी आठवत नाही.

तू काही तरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
गुरुवार, १५ फेब्रुवारी

इंदू,

आज एक नवीनच घोळ आठवला आहे आणि सकाळपासून कशात मन लागत नाही.

दुसऱ्या बोडीपाशी तू काही तरी म्हणाली होतीस. मी पाच-सहा पावलं पुढं होतो. घड्याळ बघत होतो, कारण पहिल्या बोडीला आपली सात मिनिटं जास्त गेली होती. तू मागून बोललीस. मोठं वाक्य होतं, एखाद-दुसरा शब्द नव्हता. आवाज आठवतो, शब्द आठवत नाहीत. मी 'हं' म्हणालो. 'हं' म्हणालो एवढं पक्कं आठवतं.

काय म्हणाली होतीस?

मी कागदावर लिहून काढलं. गुडघा दुखतो, थोडं बसू, असं म्हणालीस का? पाणी द्या म्हणालीस का? पाण्याची बाटली माझ्याकडे होती, आणि घरी आल्यावर ती भरलेलीच निघाली, म्हणजे मी तुला दिवसभर पाणीही विचारलं नाही. ते दोन सारस पाहा म्हणालीस का? माझं माहेरचं पाणी आहे हे, असं काही? की अर्जुनीला जाऊन येते म्हणालीस, आणि मी 'हं' म्हटल्यामुळं तुला परवानगी मिळाली? असं असेल तर तू हसत का गेलीस ते समजतं. पण मग पत्राला उत्तर का देत नाहीस ते समजत नाही. एक उकललं की दुसरं अडकतं.

रविवारी सुमती सासरहून, नंदनवनहून, डबा घेऊन आली होती. मी तिला विचारलं, तुझी आई मागून काय म्हणाली असेल? तिनं आधी माझं तोंड पाहिलं. म्हणाली, "बाबा, तुमी मले विचारून राहिले? मी तं तिथं नव्हती."

मी म्हटलं, "तुले आईचा सोभाव माहीत आहे म्हनून विचारलं."

"आन् तुमाले नाही माहीत?" असं म्हणून ती भांडी घासायला लागली. घासून झाल्यावर म्हणाली, "आईनं तुमाले शंभर गोष्टी सांगतल्या असतीन बाबा. तुमी शंभर डाव हं म्हनलं." मग रडली. मलाही कसंतरी झालं, पण मी रडलो नाही, कारण दोघं एकदम रडलो असतो तर चहा कोण करणार होतं. तिनं विचारलं, "तुमाले आई काहून पाह्यजे? भाकरीसाठी?" मी नाही म्हणालो. मग कशासाठी, ते तिनं विचारलं नाही आणि मला सांगताही आलं नसतं. एवढं खरं, की संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी तुला वेळ सांगतो आणि मग आठवतं की घरात कोणी नाही. तीस वर्षं तू मला वेळ विचारली नाहीस, मीच सांगत होतो. तुझ्याशिवाय मला करमत नाही, इंदू. हे लिहायला मला चार पत्रं लागली.

तू काय म्हणाली होतीस तेवढं कळव. मग नाही आलीस तरी. नाही, तसं नाही. ये.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
सोमवार, २६ फेब्रुवारी

इंदू,

काल मी तिथं जाऊन आलो.

कोणाला सांगितलं नाही. पहाटेची एसटी धरली, साकोलीला गाडी बदलली, दहाच्या सुमारास नवेगावच्या फाटकावर. तुझं वाक्य जिथं पडलं तिथं गेलो तर सापडेल, असं डोक्यात बसलं होतं. हरवलेली किल्ली माणूस वाट उलटी चालून शोधतो, तसं.

फाटकावर तोच चौकीदार होता. धोंडबा त्याचं नाव. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुमीच का ते? बाईले इसरून गेलते ते?"

मी म्हणालो, "होय गा. मीच."

"आज एकटेच?"

"एकटाच."

"बरं आहे. इसराले कोनी नाही," असं म्हणून त्यानं फाटक उघडलं.

घड्याळ मी मुद्दाम घरी ठेवलं होतं. ज्याचा गुडघा दुखतो अशा माणसाच्या चालीनं चाललो, आणि मधे मधे सवयीनं पाय उचलला की थांबलो. पहिल्या बोडीत कमळं आहेत. महिन्यापूर्वीही असतील, मला दिसली नव्हती. बांधावर एक बाई शिंगाड्याचे वेल ओढत होती. वाटेवर पळस फुलायला लागला आहे. साधी वाट आहे, पण सपाट वाटेवरही दुखरा गुडघा किती ठिकाणी थांबतो ते मला काल कळलं. मी सतरा वेळा थांबलो. एक तास पस्तीस मिनिटांत तुला मी या वाटेनं ओढत होतो.

दुसऱ्या बोडीवर वाटेलगत मोहाचं एक खोड आडवं पडलं आहे. तिथं आलो आणि ओळखलं, इथंच. मी पाच-सहा पावलं पुढं जाऊन उभा राहिलो, जिथं त्या दिवशी होतो तिथं, आणि पाठ करून वाट पाहिली. काही ऐकू आलं नाही. मग मागं येऊन त्या खोडावर बसलो.

तिथून समोर पाण्यापलीकडं गाड्यांची जागा दिसते, इंदू. अगदी समोर. काल तिथं एक जीप उभी होती, तिच्या टपावर बसलेला कावळासुद्धा दिसत होता. म्हणजे त्या दिवशी तू सगळं बघितलंस. मी दारात उभा, यादीवर बोट, माणसं चढताहेत, गाडी हलली. हे सगळं तू बसून पाहत होतीस. हे कळलं तेव्हा आधी मला संताप आला. म्हटलं, हाक का नाही मारली या बाईनं? एवढंसं तर पाणी. एक हाक मारायची.

मग मी स्वतःच मारून पाहिली. उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो, "अहो!"

डोंग्यातून जाळं टाकणाऱ्या दोन ढिवरांनी वळून पाहिलं. जीपवाल्यानं पाहिलं. फाटकावरून धोंडबानं हात हलवला. गुरांमागच्या एका म्हाताऱ्यानं "काय जी?" म्हणून उत्तर दिलं. म्हणजे त्या दिवशी तू 'अहो' म्हणून ओरडली असतीस तर गाडीतल्या सतरा पुरुषांनी खिडकीतून डोकी काढली असती, आणि मी काढलं नसतं. कारण मी बेरीज करत होतो. तिथं माझं नावच घ्यावं लागलं असतं. आणि नाव तर तू लग्नात घेतलंस तेवढंच. अजून पाठ आहे मला.

मोहाच्या झाडाखाली पडला फुलांचा सडा,
आनंदरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा.

त्यानंतर तीस वर्षं 'अहो', 'सुमतीचे बाबा', 'घरचे'. मलाही कधी खटकलं नाही. आपण देव सोडले, उपासतापास सोडले, जुनं सगळं गाठोडं बांधून टाकून दिलं असं मी सभेत भाषण करून सांगतो, आणि घरात माझं नाव घ्यायची तुला बंदी. मी घातली नाही ती बंदी. पण उठवलीही नाही. आज उठवतो. घे माझं नाव, इंदू. मोठ्यानं घे. माझं चुकलं. हे मी तिथं खोडावर बसून बोललो, पण तिथं ऐकायला कोणी नव्हतं म्हणून इथं लिहितो आहे.

वाक्य मात्र सापडलं नाही. उरलेला फेरा पुरा करून स्टँडवर आलो तर अर्जुनीची गाडी समोरच उभी. बारा-तेरा किलोमीटर. पायरीवर एक पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "चढून राहिले का उतरून राहिले, बाबाजी?" मला ते सांगता येईना. न बोलावता येऊन तुझ्या दारात उभं राहायचं आणि पुन्हा हात पुढं करायचा, हे काही बरोबर वाटेना. पाय काढून घेतला. बरोबर केलं की चूक, कळत नाही. घरी येईपर्यंत तेच घोळत होतं.

पाकिटात किल्ली ठेवली आहे. नव्या कुलपाला दोन आल्या. एक माझ्या करदोट्याला बांधली आहे, हसू नकोस. ही तुझी. ही पाठवली म्हणून यायलाच पाहिजे असं नाही. घर तुझंही आहे, म्हणून पाठवली.

तुझा
आनंद


अर्जुनी
सोमवार, ५ मार्च १९७९

आनंदराव,

पहिला शब्द लिहायला तीन दिवस लागले. पंचफुला हसून हसून लोळली. म्हणाली, "लिही वं ताई, नावानं काही नवरा झिजत नाही." तिचे घरचे, रुपराव, आत आले तर मी कागद पदराखाली लपवला. लिहून पाहिलं तर आता हात सरावला. अक्षर चौथीचं आहे, सांभाळून घ्या.

किल्ली मिळाली. तुमची सगळी पत्रं मिळाली. खोटं लिहिलेलं पण वाचलं आणि मग खरं लिहिलेलं पण वाचलं. साकोलीचा चहा मला तेव्हाच पटला नव्हता.

तुम्ही सारखं विचारता, मी काय म्हणाले. गुडघ्याचं सकाळीच सांगितलं होतं, गाडीत चढताना. पाण्याचं पहिल्या बोडीवर सांगितलं होतं. दुसऱ्या बोडीवर मी त्या खोडापाशी थांबले आणि मागून म्हटलं, "अहो, मी इथंच बसून रायली तं तुमाले समजन का?"

तुम्ही म्हणालात, हं.

म्हणून बसले. मनात दुसरं काही नव्हतं. अर्जुनीचं तर मुळीच नव्हतं. म्हटलं, आता वळतील, मग वळतील. कांताबाई जवळून गेली, तिला म्हटलं, पुढं व्हा, येतेच. पाणी छान होतं. अडया, म्हणजे रानबदकं, उतरल्या होत्या. समोर तुम्ही शिट्टी वाजवत होतात ते दिसत होतं. गाडी हलली तेव्हा उभी राहिले. तोंडातून अहो निघालं पण ते अडयांनीच ऐकलं, सगळ्या उडाल्या. तुमचं नाव तोंडात आलं होतं. बाहेर निघालं नाही. तीस वर्षांनी एकदम कसं निघेल?

गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभीच राहिले. मग आठवलं की तुमची यादी बरोबर भरली असेल, पुरे त्रेचाळीस, आणि मी तर इथं. तेव्हा जे हसू आलं ते थांबेना. चौकीदारानं तेच पाहिलं. गाडी लागल्यावर अर्जुनीपर्यंत रडले, ते त्यानं पाहिलं नाही, म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

पदराची गाठ मलाही आठवते. तुमच्या सदऱ्याला भोक पडलं होतं, ते मी रात्री शिवलं.

मी इथं रोज बोडीवर एकटी फिरते. कधी बसते, कधी चालते. मला हे आवडून राहिलं आहे, हेही सांगून ठेवते. परत येईन म्हणून लिहीत नाही आणि येणार नाही म्हणूनही लिहीत नाही.

रविवारी, अकरा तारखेला, दहा वाजता मी नवेगावच्या फाटकावर असेन. फेरा माझा अर्धा राहिला आहे, तो पुरा करायचा आहे. वाट रुंद आहे, दोन माणसं शेजारी चालू शकतात, मी त्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. पाण्याची बाटली आणा. त्या खोडावर बसू, आणि घरी येतेस का ते तिथं मला विचारा.

मी जे म्हणेन ते सगळं ऐकून घ्या. 'हं' तेवढं म्हणू नका.

इंदू